मागं कोण बसतं?

श्रीरामपूरला स्टेशनाकडून चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कडुनिंबाखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे त्यांच्या घरासमोरच पत्र्याचं छप्पर, बसायला एक बाक आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली हत्यारं. पाटी नव्हती. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, मीही मिस्त्रीच म्हणायचो. कुणी फटफटी ढकलत आणली, घाम पुसला आणि तक्रार सांगायला तोंड उघडलं, की ते हात वर करून त्याला थांबवायचे आणि विचारायचे,

"मागं कोण बसतं?"

माणूस गोंधळायचा. गाडी माझी, चालवतो मी, बिघाड सोसतो मी, आणि हा विचारतो मागे कोण बसतं! पण मिस्त्रींचा नियम पक्का होता. मागे बसणाऱ्याला घेऊन या, मगच पान्याला हात लावीन. "चालवणारा खोटं बोलतो," ते म्हणायचे. "मुद्दाम न्हाई बोलत. त्याच्या हाताला सवय हुती, मग त्याला बिघाड कळतच न्हाई. मागचा काय करत नसतो. त्यो नुसता सोसतो. म्हणून त्याला समदं म्हाईत असतं."

हे खरं असल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक धान्याचे व्यापारी आपली गाडी घेऊन आले होते. गाडी मधूनच गचका खाते, दोन ठिकाणी दाखवली, प्लग बदलला, काही उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्रींनी त्यांना परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन यायला सांगितलं. त्या बाई बाकाच्या कडेवर अंग चोरून बसल्या. मिस्त्रींनी फार आदरानं विचारलं, "वैनी, हिसका कुठं कुठं बसतो?"

बाई नवऱ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "मारुतीपाशी बसतो. मग शनीपाशी. मग तिकडं वेशीवर देवीचं आहे ना, तिथं."

मिस्त्रींनी डोळे मिटले. त्यांना उलगडा झाला होता. शेठजी भाविक होते. देऊळ आलं की चालत्या गाडीवर उजवा हात मुठीवरून उचलून छातीला लावायचे. हात सुटला की मूठ मागे फिरायची, गाडी दबायची, आणि नमस्कार झाल्यावर ते घाईनं मूठ पिळायचे की ती उसळायची.

"शेठ," मिस्त्री म्हणाले, "गाडीत काय बी न्हाई. फकस्त नमस्कार मान लवून करत जा. देवाला मान बी दिसती."

त्यांनी पैसे घेतले नाहीत. शेठजी निघाले तेव्हा बाईंनी मात्र मागे वळून मिस्त्रींना नमस्कार केला, दोन्ही हातांनी.

मिस्त्री मूळचे साखर कारखान्यातले फिटर. का सोडलं, ते कधी बोलले नाहीत. एवढंच म्हणायचे, "तितं यंत्र लई मोठं हुतं, आयकू येत न्हवतं." ऐकू येणं ही त्यांची खास गरज होती, कारण दर रविवारी चर्चमध्ये पेटी तेच वाजवायचे. कानावर त्यांचा एवढा विश्वास, की गाडी सुरू करून ते एक कान तिच्याकडे करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "काळी दोनवर चाललीय. हिला पांढरी चारवर आणली पायजे." मग एक स्क्रू बोटानं केसाइतका फिरवायचे. मला सूर कळत नाही, पण गाडीचा घसा मोकळा झालेला मलाही कळायचा.

आणि त्यांचा सदरा! गाड्यांची दुरुस्ती करणारा माणूस इस्त्रीचा पांढरा सदरा घालून काम करतो आणि संध्याकाळी तोच सदरा पांढरा ठेवून घरी जातो, यावर मी सांगूनही कोणाचा विश्वास बसत नाही. ते म्हणायचे, "डाग पडला म्हंजी घाई केली." कार्बोरेटर उघडला की त्यातले बारीक भाग ते चिनीमातीच्या बशीत ठेवायचे, मावशींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, निळ्या फुलांच्या कपबशीतल्या. जेट म्हणजे पेट्रोल यायचं ते पितळी भोक, सुईच्या नेढ्याहून बारीक. ते त्यात तोंडानं फुंकायचे, आणि तोंडात पेट्रोलची चव आली म्हणून लगेच गुळाचा खडा खायचे. मग डबा पुढे करायचे: "घ्या." आपण पेट्रोल चाखलेलं नसलं तरी गूळ घ्यावाच लागे.

दुरुस्त झालेल्या गाडीची परीक्षाही ठरलेली. मागे बसणाऱ्याच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप बशीसकट द्यायचा आणि स्टेशनापर्यंत जाऊन परत यायचं. चहा बशीत सांडला तर काम बाकी आहे. अंगावर सांडला तर कामाला सुरुवातच झालेली नाही.

अशा माणसाकडे मी जाऊन पोचलो तो बीएस्सीच्या घमेंडीत.

आमच्या घरात शाळेचं तोंड पाहिलेला मी पहिला. आबा, म्हणजे माझे वडील, बैलगाडीनं कारखान्याला ऊस वाहायचे. मी पदवी घेतली, आणि एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास राहात्याच्या बाजूच्या एका गावात नव्या हायस्कूलवर विज्ञान शिकवायला लागलो. शाळा आमच्या गावापासून नऊ मैल. एसटी फाट्यापर्यंतच जायची, पुढे तीन मैल पायी. म्हणून बदली होऊन चाललेल्या एका साहेबांची जुनी मोटरसायकल घेतली. दसऱ्याला घरी तिची पूजा झाली. आईनं कुंकू लावलं. आबा गोठ्यात गेले आणि काळ्या लोकरीचा एक गोंडा घेऊन आले. त्याला एक घुंगरू होतं. तो हरण्याचा गोंडा. हरण्या हा आबांचा बैल, मरून दोन वर्षं झाली होती. भरलेली गाडी चढावरून उठवताना त्यानं कधी हिसका दिला नाही, असं आबा सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. तो गोंडा त्यांनी वाखाच्या दोरीनं माझ्या गाडीच्या हँडलला, उजव्या मुठीच्या जवळ, स्वतःच्या हातानं बांधला. "आता ही बी तशीच चालंल," म्हणाले.

पहिले दोन महिने गाडी तशीच चालली. मी दर रविवारी ती विहिरीवर नेऊन बादल्या ओतून धुवायचो. चकचकीत ठेवायचो. मग हळूहळू ती गचके खायला लागली. मूठ पिळली तर आधी काहीच व्हायचं नाही, आणि मग एकदम उसळी. सोडली तर लगेच दबायची नाही, आणि मग धक्क्यानं दबायची. वळणावर तर फारच.

आणि एका बाजाराच्या दिवशी ते घडलं. आमच्या गावात पारासमोर एक हॉटेल आहे. तिथून मी आबांना मागे बसवून निघालो. हँडल वळवून मूठ पिळली. काही नाही. जरा जास्त पिळली. गाडीनं जी उडी घेतली, ती मला घेऊन दहा पावलं पुढे गेली. मागे पाहिलं तर आबा रस्त्यात बसलेले, फेटा शेणात. पारावरून किसनतात्यांचा आवाज आला. किसनतात्या म्हणजे त्या हॉटेलचं कायमचं गिऱ्हाईक.

"आबा! आवं गाडी गेली की! तुमी ऱ्हायलात!"

सगळा पार हसला. आबांचा गुडघा सुजला, पण त्यांना लागलं ते गुडघ्याला नाही. चाळीस वर्षं गाडी हाकणारा माणूस पोराच्या गाडीवरून पडला, हे गावाला पुरून उरलं. "लेका," घरी आल्यावर ते शांतपणे म्हणाले, "तू चालव. मी काय आता तिच्यावर बसत न्हाई. पाय हायेत तवर चालंन."

आणि नेमकी तेव्हाच शाळेत माझी प्रयोगशाळा तयार होत होती. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन कपाटं, एक लांब टेबल. पण ती मी उभी केली होती. हेडमास्तर म्हणाले, "उद्घाटनाला मोठा माणूस बोलावला तर पाच जीपा येतील, हार येतील, आणि प्रयोगशाळा कोणी बघणार नाही. दार तुमच्या वडिलांच्या हातनं उघडू. तुम्हाला इथवर त्यांनी पोचवलं." मी हो म्हणालो. स्नेहसंमेलन पंधरा दिवसांवर होतं. आबा सुजल्या गुडघ्यानं फाट्यापासून तीन मैल चालू शकत नव्हते, आणि गाडीवर बसणार नव्हते. "बैलगाडीनं येतो," म्हणाले. पण बैल उसाला जुंपलेले, हंगाम ऐन भरात. "मग ऱ्हाऊ दे. तूच उघड दार." हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला रात्रभर झोप आली नाही.

मी स्वतःच दुरुस्तीला बसलो. पुस्तकात कार्बोरेटरची आकृती होती. हवा अरुंद जागेतून जाते, तिचा दाब कमी होतो, पेट्रोल वर ओढलं जातं. म्हणजे पेट्रोल नीट येत नसणार. मी जेट काढला, त्यात तांब्याची तार घालून चांगला खरवडला, दिसतील ते स्क्रू फिरवले. गाडी आता गचके तर खायचीच, वर काळा धूरही सोडायची. तेव्हा कोणीतरी मिस्त्रींचं नाव सांगितलं.

मी दुकानात गेलो आणि त्यांनी काही विचारायच्या आत सगळं तत्त्व समजावून सांगितलं. हवा, दाब, पेट्रोल. ते हात बांधून, मान डोलावत, शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"लई बेस सांगितलं," म्हणाले. "आता हेच गाडीला सांगा."

मी गाडीकडे पाहिलं.

"शिकलात किती?"

"बीएस्सी."

"बरं, बीएस्सी. मागं कोण बसतं?" त्या दिवसापासून शेवटपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

"वडील बसायचे. आता बसत नाहीत." मी आबा पडल्याची हकीकत सांगितली. पारावर झालेल्या थट्टेसकट सांगितली, कारण ते हसतील असं वाटलं. ते हसले नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली. मूठ फिरवून पाहिली, हँडल डावीकडे वळवून पाहिलं, उजवीकडे वळवून पाहिलं. मग गोंड्याला बोट लावलं. घुंगरू वाजलं.

"हे कुणी बांधलं?"

"आबांनी. त्यांच्या बैलाचा आहे."

"हं," ते म्हणाले, आणि बोट काढून घेतलं. "त्यांना घिऊन या."

"ते येणार नाहीत, मिस्त्री. तुम्ही आधी गाडी दुरुस्त करा, मग मी त्यांना बसवतो."

त्यांनी सुस्कारा टाकला आणि कार्बोरेटर उघडला. जेट उजेडात धरून पाहिला आणि मान वर न करता विचारलं, "तार घातली?"

"हो."

"तारेनं भोक मोठं हुतं, बीएस्सी. बुजलेलं भोक साफ करता येतं, मोठं झालेलं ल्हान करता येत न्हाई." कोपऱ्यातल्या शिंदीच्या केरसुणीची एक बारीक काडी त्यांनी काढून दाखवली. "ही घालायची. ही मोडंल, पर पितळंला इजा करायची न्हाई." मग डब्यातून दुसरा जेट काढून बसवला, स्क्रू जागेवर आणले, कान देऊन ऐकलं, गुळाचा खडा खाल्ला, मलाही दिला. धूर गेला. इंजिन असं गुणगुणायला लागलं जसं मी कधी ऐकलं नव्हतं.

मी आनंदानं गाडी काढली, आणि रस्त्यावर वळताना तिनं पुन्हा गचका दिला.

"मिस्त्री, अजून आहे!"

"असंल की," ते निवांत म्हणाले. "तुमच्या हातचं तेवढं मी काढलं. ऱ्हायलेलं मागच्याला विचारल्याबिगर निघायचं न्हाई. तवर हळू चालवा आन वळताना क्लच धरून ठेवा."

मी खरोखर चिडलो. मला वाटलं, हा माणूस हट्टी आहे, त्याला दोष सापडत नाही म्हणून नियम सांगतो. आठ दिवस राहिले होते. मी तसं तोंडावर म्हणालोसुद्धा. त्यांनी रागावायचं सोडून मला बाकावर बसवलं आणि म्हणाले, "तुमच्या आबांना माझा निरोप सांगा. म्हणावं, श्रीरामपूरला एक मिस्त्री हाय. भरली गाडी हिसका न देता उठवायची कशी, हे त्याला कळत न्हाई. शिकवायला याल का."

आबांना निरोप सांगितला तेव्हा ते जेवत होते. घास हातातच राहिला.

"मिस्त्रीला? शिकायचंय?"

"असं म्हणाले."

"माझ्याकडनं?"

त्यांनी तो घास खाल्ला आणि ते हात धुवायला उठले. पण सकाळी मी उठलो तर आबा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून ओट्यावर बसलेले. "मी एसटीनं येतो," म्हणाले. "तू तुझं ते धूड घिऊन पुढं हो."

मिस्त्रींनी त्यांचं असं स्वागत केलं जसं मी कोणा साहेबाचंही झालेलं पाहिलं नव्हतं. मावशींनी निळ्या फुलांच्या कपात चहा दिला. आणि दोघं बोलायला बसले. गाडीविषयी नाही, बैलांविषयी. अर्धा तास. कोणत्या खांद्याचा बैल कुठे जुंपावा, चढावर ऊस मागे सरला तर काय करावं. मी घड्याळ पाहत होतो. शेवटी मिस्त्रींनी विचारलं, "पर आबा, गाडी जाग्यावरून उठताना हिसका बसतो त्यो कशानं?"

"कासरा ढिला असला तर बसतो, न्हाई तर कुठं अडाकला तर बसतो," आबा म्हणाले. "तुमी वढता, बैलाला कळतच न्हाई. तुमी आनखी वढता. मंग एकदम सुटतो, आन जनावर उधळतं. जनावराचा काय दोष न्हाई त्यात."

"आन तुमी पडला त्या दिवशी?"

आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "तसंच झालं. आदी काय न्हाई, मंग एकदम. ह्यानं मूठ पिळली हुती, मी मागनं बघितलं. हात आदी फिरला, गाडी मागनं गेली. आन वळताना झालं. सरळ जाताना इतकं न्हवतं."

माझ्या लक्षात आलं, की या माणसाला आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. इतके दिवस थट्टा झाली, मी माफी मागितली, आईनं गुडघ्याला हळद लावली. पण नक्की काय झालं, असं त्यांना आजच पहिल्यांदा विचारलं गेलं होतं.

मिस्त्रींनी गाडी मधल्या स्टँडवर उभी केली. "आबा, जरा पुढं बसा."

"पुढं?"

"चाक वर हाय. कुठं जात न्हाई ती. बसा. आन हा घ्या तुमचा कासरा." त्यांनी आबांचा उजवा हात मुठीवर ठेवला.

आबा बसले. धोतर सावरून, पाठ ताठ करून, जसे बैलगाडीच्या धुरीवर बसायचे तसे. मिस्त्री म्हणाले, फिरवा. आबांनी मूठ फिरवली. सोडली. पुन्हा फिरवली. मग हँडल उजवीकडे वळवून फिरवली, आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

"अडाकतोय," ते म्हणाले.

"कुठं?"

मुठीतून एक केबल निघते आणि हँडलच्या कडेनं खाली कार्बोरेटरकडे जाते. मूठ पिळली की आतली तार ओढली जाते आणि पेट्रोलची वाट उघडते. आबांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी डाव्या हाताची बोटं मुठीपासून त्या केबलवर ठेवली आणि कासऱ्यात गाठ चाचपावी तशी पुढे सरकवत नेली. चार बोटं, पाच बोटं. काळ्या लोकरीपाशी बोटं थांबली. त्यांनी गोंडा बाजूला केला. खाली वाखाची दोरी होती. केबल आणि हँडल दोन्हींभोवती आवळून बसलेली, इतकी की केबल तिथे दबून वाकली होती.

बराच वेळ आबा त्या दोरीकडे पाहत राहिले. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते झाडाकडे पाहत होते.

"आरं," आबा म्हणाले, "ही तर माझीच गाठ हाय."

त्यांनी दोरीवरून अंगठा फिरवला.

"वाखाची दोरी," ते हळूहळू म्हणाले. "भिजली की आवळती. बांधली तवा सैल हुती." मग माझ्याकडे वळले. "तू धूत असशील रोज!"

"दर रविवारी," मी म्हणालो.

आणि आबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले. मग डोळ्यांतून पाणी आलं. "म्या बांधली, ह्यानं भिजवली, आन किसन्याच्या नावानं इतके दिवस बोटं मोडली!" मिस्त्रीही हसायला लागले, मावशी दारात आल्या, आणि मी, बीएस्सी, गाडीच्या चाकापाशी उभा राहून पोट धरून हसलो.

गाठ आबांनी स्वतः सोडली. सुरी पुढे केली होती, ती घेतली नाही. दातांनी सैल केली. मिस्त्रींनी दबलेली केबल काढून नवी घातली, तेलाचे चार थेंब सोडले, आणि विचारलं, "गोंडा कुठं बांधू?" आबांनी गाडीभोवती फेरी मारली आणि मागच्या दिव्यापाशी जागा दाखवली. "तिथं. कशाला आडवा न्हाई यायचा." या वेळी त्यांनी सुती नाडा मागितला.

मग चहाची परीक्षा. आबांच्या हातात काठोकाठ भरलेला कप. मला वाटलं, ते आता मागे सरतील. ते म्हणाले, "चल," आणि बसले. स्टेशनापर्यंत जाऊन आलो. मला मागे पाहायचा धीर नव्हता. परत आल्यावर मिस्त्रींनी बशी पाहिली. कोरडी होती.

घरी जाताना आबांनी एसटीचा विषयसुद्धा काढला नाही. गावाच्या वेशीशी आलो तेव्हा माझ्या खांद्यावर त्यांचा हात पडला.

"पारापशी थांबव."

"कशाला?"

"थांबव म्हनलं ना."

पार भरलेला होता. किसनतात्या जागेवर होते. आबा उतरले नाहीत. बसल्या बसल्या हॉटेलवाल्याला हाक मारली, "ये, एक चा दे. कप-बशीत. काठापत्तूर भर."

"आबा, खाली तर उतरा," तात्या म्हणाले. "का परत पडायचं हाय?"

"तेच बघाया थांबलोय, तात्या. तू बी बघ."

कप हातात आला. आबा मला म्हणाले, "पाराला चक्कर मार. जाग्यावरनं उठव. वळताना घाबरू नगो."

मी देवाचं नाव घेतलं, हँडल वळवलं आणि मूठ पिळली. गाडी उठली. हरण्या उठत असेल तशी. पाराला एक चक्कर झाली. मागे घुंगरू एका लयीत वाजत होतं. दुसरी चक्कर मी आपणहून मारली. पारावरचे लोक मान फिरवून फिरवून पाहत होते, आणि तिसऱ्या चक्करीला पोरंटोरं टाळ्या वाजवायला लागली. थांबलो तेव्हा आबांनी बशी सगळ्यांना दिसेल अशी धरली. त्यात एक थेंब होता.

"सांडला!" तात्या ओरडले.

"त्यो तू हाक मारलीस म्हनून," आबा म्हणाले, थेंब जिभेनं टिपला, आणि थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी आबांनी प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं. आत गेले, काचेची भांडी हात न लावता पाहिली, आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. हेडमास्तर पुढे बोलवत होते. "न्हाई, हितनं समदं दिसतं," म्हणाले. त्यानंतर मी तेहतीस वर्षं शिकवलं. वर्गात काही समजलं का, हे मी नेहमी शेवटच्या बाकापासून विचारत आलो. लोक त्याला माझी पद्धत म्हणायचे. ती माझी नव्हती, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

पेढे घेऊन श्रीरामपूरला गेलो तो शनिवार होता. दुकान बंद, मिस्त्री चर्चमध्ये पेटीचा सराव करत होते. आवाज घरापर्यंत येत होता. मावशींनी मला ओट्यावर बसवलं, पेढे घेतले, हकीकत ऐकली. मग पदरानं हसू लपवत म्हणाल्या,

"आमचं मानूस पयल्याच दिवशी जेवताना म्हनलं, मास्तरच्या बापानं गाडीला वेसन घातलीया."

मला समजायला वेळ लागला. "पहिल्या दिवशी? मग त्याच दिवशी सोडली का नाही?"

"म्या बी तेच इचारलं. तर म्हनले, सोडायला मला दोन मिंटं लागत्याल. गाडी धावंल, पर म्हातारा जन्मात तिच्यावर बसायचा न्हाई. कुणी तरी त्याला इचारू दे, आन त्याची गाठ त्यालाच घावू दे."

पेटी थांबली. थोड्या वेळानं मिस्त्री आले. पांढरा सदरा, एक डाग नाही. मला पाहून त्यांनी गाडी कशी आहे, असं विचारलं नाही. रस्त्यावर उभ्या गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले,

"बाजारात कळलं, पाराला चक्कर मारली म्हनं. चा सांडला?"

"एक थेंब."

"त्याचं काय केलं?"

"आबांनी चाटला."

मिस्त्रींनी डोळे मिटले, एखादा सूर जागेवर बसल्यासारखी मान हलवली आणि दुसरा पेढा उचलला.

"मग झाली गाडी दुरुस्त."